राजीखुशीचा कागद

मंगळवारी सकाळी कटिंग मास्तर भत्ता कचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीशी उभे होते. कपड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शंभर शंभर थर एका रेषेत कापणारा हा माणूस, पण फॉर्म त्यांनी खिडकीत वाकडाच सरकवला. शेजारी बायको कागदांची पिशवी सांभाळत होती.

"राजीनामा दिलाय तुम्ही," खिडकीतली बाई म्हणाली. "स्वतःहून काम सोडणाऱ्याला बेकारी भत्ता नसतो."

"सोडलं नाही हो, काढलं. कापायचं मशीन आलं. छप्पन्नाव्या वर्षी कोण काम सोडतं?"

"मग इथे 'स्वखुशीने' कोणी लिहिलंय?"

मास्तरांनीच लिहिलं होतं. कारखान्यातली जुनी माणसं अशीच निघत. कपातीचं पत्र परत करायचं, राजीखुशीचा कागद लिहून द्यायचा, मग टाळ्या आणि फोटो. "काढलं म्हटलं तर लेकीच्या सासरी तोंड कसं दाखवायचं?" असं बायको म्हणाली आणि मास्तरांनाही पटलं. मॅनेजरचं काय, काढल्याची नोंदच उरत नव्हती; आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन!

"तुम्हाला काढलं, असं कारखान्यातल्या कोणी लिहून दिलं तर बघू," बाई जरा हळू आवाजात म्हणाली. "पंधरा दिवसांत आणा."

मास्तरांना कपातीचं पत्र दिलं तेव्हा कारखान्यातला इस्त्रीवाला तिथेच होता. वीस वर्षांपासूनचा दोस्त. मास्तर त्याच्या घरी गेले, तर त्याने दारातच हात जोडले. "मास्तर, मी अजून तिथेच कामाला आहे. लिहून दिलं तर उद्या मीही घरी." मास्तरांना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली.

"माझीच जीभ झडो," घरी बायको म्हणाली.

"सही माझी आहे," मास्तर म्हणाले.

तेराव्या दिवशी काजबटणं करणारी बाई घरी आली. चोपन्न वर्षांची, सुईच्या नाकात पहिल्या फटक्यात दोरा ओवणारी. तिने कोरा कागद पुढे ठेवला.

"मास्तर, मलाही पत्र आलं. तुमचं अक्षर सुरेख. राजीखुशीचं लिहून द्या ना."

"नाही लिहिणार. ते पत्र परत करू नका, बाई. त्यावरच तुम्हाला भत्ता मिळेल. मी फसलो, तुम्ही फसू नका. आणि तुम्हाला तर आता कारखान्याची भीती नाही. माझ्यासाठी दोन ओळी लिहा. मला काढलं, एवढंच."

बाईची नजर भिंतीवर गेली. तिथे मास्तरांचा निरोपाचा फोटो होता.

"तुम्ही टाळ्या घेऊन निघालात," ती म्हणाली. "मी हाकललेली म्हणून निघू? सुनेला सांगून बसलेय मी, कंटाळा आला म्हणून सोडतेय. तुमचं लिहून दिलं तर माझंही बाहेर येईल."

तिने कागदाची घडी केली आणि गेली. बायकोने तो फोटो उतरवला. भिंतीवर खिळा तेवढा राहिला.

पंधराव्या दिवशी साक्षीदाराचा रकाना कोराच ठेवून मास्तरांनी फॉर्म खिडकीत दिला. त्याच दुपारी कारखान्यात काजबटणवालीचा फोटो निघाला. मॅनेजर मनापासून टाळ्या वाजवत होता.

वाचकहो, तुमच्याही ओळखीत अशा वयाच्या कोणीतरी नुकतंच स्वखुशीने काम सोडलं असेल. अभिनंदन करायला जाल, तेव्हा एवढंच विचारा: पत्र आलं होतं का? आणि 'हो' म्हणाले, तर तुमची मान खाली जाऊ द्या, त्यांची नको.