हलला म्हणे!

"पेशंट हलला, म्हणून फिल्मवर डाग आलेत," एमआरआय सेंटरच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांपूर्वी सांगितलं, रिपोर्टातही लिहिलं, आणि ताईने धाकट्या भावालाच झापलं होतं.

"अर्धा तास गप्प पडवत नाही तुला? लहानपणापासून अंगात नुसती चुळबुळ!"

"अगं ताई, श्वाससुद्धा बेताने घेत होतो."

"पुरे! वर तोंड करून बोलू नकोस."

तेव्हा तो काठी टेकत का होईना, चालत होता. मग मणक्यात सूज आहे म्हणून स्टेरॉइड दिलं, आणि त्याच संध्याकाळी पायांची लाकडं झाली. लघवीलाही नळी लागली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी तीच जुनी फिल्म उजेडावर धरली. मज्जारज्जूच्या मागे काळे ठिपके होते, मुंग्यांची रांग लागावी तसे.

"हे डाग नाहीत, फुगलेल्या शिरा आहेत. धमनीतलं रक्त चोरवाटेने शिरेत घुसतंय. त्या दाबाने मज्जारज्जू सुजलाय. अशात स्टेरॉइडने उलट बिघडू शकतं."

"म्हणजे हा हलला नव्हता?"

"हलला असता तर मणक्यांच्या कडाही पुसट आल्या असत्या. बघा, कशा सुईने कोरल्यासारख्या आहेत."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी जांघेतून बारीक नळी घालून, औषध सोडून, एकेक धमनी तपासली. चोरवाट सापडली, बुजवली. "आणखी बिघडणं थांबेल. गेलेलं किती परत येईल, सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

ताई तडक सेंटरवर गेली. रिपोर्ट तिथल्या डॉक्टरांच्या टेबलावर आपटला.

"यातलं 'पेशंट हलला' खोडा."

"अहो, असं होतं कधीकधी..."

"ज्याचे पाय आज जागचे हलत नाहीत, तो हलला म्हणे! न बघता लिहिलंत तुम्ही, बोलणी खाल्ली त्याने. आणि तीही माझ्या तोंडून! खोडा."

त्यांनी खोडलं. खाली सही केली. ताईने कागद उचलला.

परतल्यावर तिने कागद भावाच्या हातात दिला. त्याने वाचला, हसला, मग पांघरुणाकडे बघत राहिला.

"ताई, अंगठा हलवतोय. हलतोय का गं?"

पांघरुणाची सुरकुतीसुद्धा हलली नाही.

"हल रे," ती दात आवळून म्हणाली. "आता मी तुला बोलणार नाही. हवा तेवढा हल."