घरातला कप

मंजुषाताईंना मराठी जगवायची भारी हौस. बालाघाटातली आपली पोरं भांडतातसुद्धा हिंदीत, हे त्यांच्या जिवाला लागायचं. म्हणून दर रविवारी मराठी मंडळाच्या खोलीत त्या पोरांना एक गोष्ट वाचून दाखवत आणि म्हणत, "आता यात जो एक शब्दही बोलला नाही, त्याच्या तोंडून तुम्ही लिहा."

त्या रविवारच्या गोष्टीत एक मोलकरीण होती. चहा आणून ठेवायची आणि नाहीशी व्हायची. त्या पोरांतल्या ललिताने तिच्यावर चार पानं लिहिली. लांब शोधायला जायची गरजच नव्हती. तिची आई कमला मंजुषाताईंच्याच घरी अकरा वर्षं भांडी घासत होती. कमलासाठीचा, कान तुटलेला कप परसातल्या भिंतीवर वेगळा पालथा असायचा. ललिताच्या गोष्टीतली बाई एक दिवस तो कप तसाच ठेवून कायमची निघून जाते.

ताईंनी वाचलं. कप ओळखला की नाही, देव जाणे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"भाषा छान जमली गं. पण शेवट फार कडू आहे. साहित्यात आशा हवी. मालकीण तिला आत बोलावते, घरातल्या कपात चहा देते, असं कर. मग पहिलं बक्षीस तुझंच."

ललिताला बक्षीस हवं म्हणजे हवंच होतं. तिच्या वॉर्डातल्या कुणाचं नाव मंडळाच्या माइकवरून आजवर निघालं नव्हतं. तिने शेवट बदलला.

वार्षिक कार्यक्रमात गोष्ट ताईंनी स्वतः वाचली आणि शेवटाला गहिवरल्या. टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस ललिताला मिळालं. मागे उभी कमला पदराने डोळे पुसत होती. तिला वाचता येत नव्हतं, पण चारचौघांत दिलेला शब्द कळत होता. लेकीने कपाचं लिहिलं आणि बाईंनी भरल्या सभेत त्याला उत्तर दिलं, असंच तिने धरलं.

दुसऱ्या दिवशी ललिता पेढे घेऊन आईबरोबर गेली. कमला परसाकडे वळलीच नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली, मांडणीवरचा फुलाफुलांचा कप काढला, चहा ओतून घेतला आणि पाटावर बसली.

ताई दारात आल्या. "हे काय?"

"बाई, काल तुमीच तं सांगतलं ना सगळ्यायपुढं. मले लय बरं वाटलं."

"वेडी आहेस का? ती गोष्ट होती."

ताईंनी तो कप दोन बोटांनी उचलला आणि चहासकट कचऱ्याच्या डब्यात टाकला. आवाज मुळीच चढवला नाही, सुशिक्षित बाई त्या. "उद्यापासून येऊ नकोस." मग ललिताकडे वळून म्हणाल्या, "तू मात्र रविवारी ये हं. तुझ्यात गुण आहे."

वाटेत विहारापाशी आल्यावर कमला थांबली.

"तो शेवट तूच लिवलता का?"

"हौ."

"खोटा हाय, हे तुले मालूम होतं?"

"हौ."

"मंग मले काहून नाही सांगतलं वं?"

पेढ्यांचा पुडा अजून ललिताच्या हातातच होता.