म्हसोबाची हद्द

मोजणीचा अर्ज रखमाजीनेच दिला होता, आणि आता तोच अर्ज मागे घ्यावासा त्याला वाटत होता. वडिवळ्याच्या धरणाखालची त्याची खाचरे आणि धोंडिबाची खाचरे एकमेकांना लागून. मधल्या बांधावर, खडकाच्या माथ्यावर शेंदराने माखलेला म्हसोबा. म्हसोबाच्या अलीकडे रखमाजीच्या वडिलांनी खणलेली विहीर. देवापलीकडचे धोंडिबाचे, अलीकडचे आपले, या हिशेबाला आजवर कोणी हरकत घेतली नव्हती. धोंडिबाच्या मुलाने, आकाशने, देवाला खेटून तारेचे खांब रोवले, तेव्हा रखमाजीचे डोके फिरले आणि रागाच्या भरात तो तालुक्याला जाऊन आला. राग चार दिवसांत उतरला; नोटिसा मात्र दोन्ही घरी पोहोचल्या. भात निघाल्यावरचा टोमॅटो, गुरांचे पाणी, सारे त्या एका विहिरीवर उभे होते.

भूकरमापक स्नेहल सकाळीच आल्या. टोकाला पांढरी थाळी बसवलेले काठीसारखे उंच मोजणीयंत्र घेऊन त्या थेट ओढ्याकडे निघाल्या.

"मॅडम, तितं कुटं? खूण हितं हाये," रखमाजी मागून धावला. "देवच हाये की खूण!"

"देवाला नमस्कार करते, काका. पण नकाशात तो नाही."

ओढ्याकाठचा जुना हद्दीचा दगड त्यांनी शोधून काढला, यंत्र टेकवले, आणि त्या एकेक खूण करीत वर येऊ लागल्या. प्रत्येक खुणेसरशी रेघ रखमाजीच्या रानात शिरत होती. त्याला वाटले, यंत्र बिघडले असावे. मग वाटले, बिघडलेलेच असू दे. विहिरीच्या खालच्या अंगाला, उंबरापाशी, स्नेहल थांबल्या.

"हा म्हसोबा कधी हलवला होता का?"

"देवाला कोन हलवील?"

बांधावर बसलेल्या धोंडिबानेही मान डोलावली. "मीबी लहानपनापासनं हितंच बघतोय त्याला."

देवाला नारळ घेऊन आलेली रखमाजीची म्हातारी चुलती रतनबाई मात्र पदर सावरत पुढे झाली. "हलीवला न्हाई रं, उचलला. माज्या लग्नाच्या सालाला. त्या उंबराखाली व्हता, पावसुळाभर चिखलात बुडायचा. मामंजी म्हनलं, देवाला गाळात उभं करायचं व्हय? खडकावर बसवला. पुढं बांध घालताना गडी देवाला धरूनच बांध घालाय लागलं."

विहीर त्यानंतरची. उंबर आणि खडक यांच्या बरोबर मध्ये.

"आन माजा बा काय म्हनला न्हाई?" धोंडिबाने विचारले.

रतनबाई नारळाच्या शेंडीकडे पाहू लागली.

"त्यानं तवा काय म्हनायचं व्हतं, मावशी," धोंडिबाच हळू आवाजात म्हणाला.

स्नेहल यांनी उंबरापाशी खुंटी ठोकली. "विहीर धोंडिबाकाकांच्या गटात येते. मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येईल." यंत्र आवरून त्या गाडीकडे गेल्या.

फेरमोजणीने उंबर थोडाच हलणार होता? रखमाजी धोंडिबाच्या चेहऱ्यावर काही वाचता येते का ते पाहू लागला, आणि काहीच वाचता येईना. धोंडिबा उठला, विहिरीपाशी गेला, रखमाजीचीच बादली रखमाजीच्याच दोराने आत सोडली. घरी नळ येण्यापूर्वीही त्याने या विहिरीला कधी हात लावला नव्हता. त्याचा बाप मात्र यायचा. कठड्यापासून दूर, उन्हात, तो ओंजळ पसरून उभा राही, आणि वरून पाणी ओतणारा हात रखमाजीच्या वडिलांचा असे. रखमाजीने हे पोरवयात पाहिले होते. तेव्हा त्यात पाहण्यासारखे काही वाटले नव्हते.

बादली वर आली. धोंडिबा पोटभर प्याला, मग त्याने रखमाजीकडे वळून पाहिले. रखमाजीलाही केव्हाची तहान लागली होती. तो पुढे झाला, आणि त्याचे दोन्ही हात नकळत एकमेकांना जुळून ओंजळ झाले.

धोंडिबा क्षणभर त्या ओंजळीकडे पाहत राहिला. मग त्याने बादली कठड्यावर ठेवली.

"वंजळ कशाला धरताय, भाऊ? बादली हाये. हातानं घ्या."

"आन हिरीवरची माजी मोटर?" रखमाजीला राहवले नाही. "टोमॅटोला उद्या पानी लागंल."

"आदी प्या. मोटरचं आकाश आल्याव बोलू."

रखमाजीने बादलीत हात घातला. पाणी नेहमीसारखेच गार होते. पलीकडच्या वाटेवर आकाशची मोटरसायकल वाजली, आणि हातातले पाणी तोंडापर्यंत जाण्याआधीच सांडले.