बारीक मान

हॉटेलांत आणि पार्ट्यांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात ताई बावीस वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवत होत्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच ताई. मग गायिका लेकीकडे राहायला गेली, ड्रमवाल्यानं टायरचं दुकान टाकलं, आणि ऑर्केस्ट्रा कुणी बंद न करताच बंद पडला. वर्षभरात ताईंच्या डाव्या अंगठ्याचा सांधा धरला. डॉक्टर म्हणाले, "आता वाजवणं पुरे करा." ताई एकट्या राहायच्या. पुरे केल्यावर दिवसभर करायचं काय, हे मात्र डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं नाही.

गिटार जिथं तयार झाली होती त्या कारखान्याला ताईंनी पत्र टाकलं. मान, म्हणजे डाव्या हातात धरायची दांडी, जाड वाटते, अंगठा पुरत नाही, तासून बारीक करून मिळेल का? उत्तर दोनच ओळींचं आलं. मंगळवारी या. गिटार घेऊन या.

फाटकावरच्या वॉचमननं गिटारच्या पेटीकडे पाहिलं. "बाई, इथून गिटारी बाहेर जातात. आत येणारी ही पहिलीच."

त्यानं गिटारची रजिस्टरात नोंद केली आणि एका सुपरवायझर बाईंबरोबर ताईंना आत पाठवलं. पहिल्या खोलीत नुसत्या फळ्या रचलेल्या होत्या. दुसरीत गिटारींची रंग दिलेली धडं दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी लटकत होती. तिसरीत आठ-दहा बायका भिंगावर वाकून विजेच्या बारीक तारा जोडत होत्या आणि हात न थांबवता कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. ताई जवळून गेल्या तेव्हा बोलणं थांबलं. पुढे गेल्यावर सुरू झालं.

माना तासणारा कारागीर पन्नाशीचा होता. भुवयांवरसुद्धा लाकडाचा भुसा.

"धरून दाखवा," तो म्हणाला. ताईंनी गिटार धरली. "अशी नाही. फोटोला धरल्यासारखी नको. वाजवता तशी."

मग त्यानं तारा उतरवल्या आणि ताईंचा डावा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठा वाकवला, सरळ केला, बुडाशी दाबून विचारलं, "इथं?"

"थोडं खाली."

एखादी फळी पारखावी तसा तो हात बराच वेळ उलटसुलट करून बघत राहिला. शेवटचा आपला हात कुणी धरला होता, ते ताईंना आठवेना. डॉक्टरांनी तर नुसता एक्स-रे पाहिला होता. कारागिरानं हात सोडला, तेव्हा तो कुठं ठेवावा हे त्यांना क्षणभर कळलं नाही.

दीड तास तो कानस आणि पॉलिश पेपर चालवत होता. मधेमधे त्यांना मान धरायला लावायचा, परत घासायचा. "हजारो माना कापल्या," तो म्हणाला, "पण गाणं एक येत नाही. खाटकाला कशाला हवं गाणं?" ताई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांचा घसा खरखरला.

तारा चढवून झाल्यावर तो त्यांना वाजवून बघायच्या काचेच्या खोलीत घेऊन गेला, गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि समोर स्टुलावर बसला. "वाजवा."

त्यांनी वाजवलं. अंगठा बिनतक्रार फिरला. बावीस वर्षं रोज वाजवलेलं गाणं होतं.

कारागीर ऐकत होता. जरा वेळानं त्यानं विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"हेच गाणं."

"हो? मला वाटलं, अजून तयारी चाललीय."

ताईंचा हात थांबला. "गायिका गायची," त्या म्हणाल्या. "मी तिच्या मागून असं वाजवायचे."

"मग ती नसताना?"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. "या की आमच्यात जेवायला," तो मनापासून म्हणाला. कँटीनमध्ये त्यानं त्यांना तारा जोडणाऱ्या बायकांच्या टेबलावर बसवलं. बायकांनी त्यांना वाढलं, आग्रह केला, आणि सुनेचा विषय पुढे चालू ठेवला. ताईंना सून माहीत नव्हती. त्या हो ला हो करत राहिल्या. पुन्हा घंटा झाली तशी टेबलं झटकन रिकामी झाली, आणि ताई सावकाश आपलं ताट संपवत बसल्या.

परतीच्या थांब्यावरून त्यांनी ड्रमवाल्याला फोन लावला. "ताई, गिऱ्हाईक आहे हो. करतो मागाहून," तो म्हणाला. मागून हवा भरायच्या यंत्राचा आवाज येत होता. बस आली, घर आलं, फोन आला नाही.

दुपार अजून बरीच शिल्लक होती. ताई खिडकीपाशी बसल्या आणि त्या गाण्याची चाल एकेका तारेवर शोधू लागल्या. बोट चुकायचं, मग गायिका कसं म्हणायची ते मनात आणायचं, परत शोधायचं. उन्हं उतरेपर्यंत दोन ओळी सापडल्या. तिसरी काही केल्या येईना. त्या ओळीला कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, बदलायचे असायचे, आणि ताल साधायला ताईंचं लक्ष दर वेळी ड्रमवाल्याच्या हाताकडे असायचं. ती ओळ त्यांनी कधी नीट ऐकलीच नव्हती.

मग त्यांनी ती आपल्या मनानं लावली. बरोबर की चूक, सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी ती पुन्हा एकदा वाजवली.