बाईसाहेबांची चंदी

घोडीच्या सांध्यांसाठी पावडर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात डब्याची मागची बाजू वाचणारी मी एकटीच. लेक झाल्यापासून मला ते व्यसनच लागलंय. बिस्किटं, साबण, टूथपेस्ट, काहीही वाचल्याशिवाय घरात येत नाही. "वहिनी पाण्याची बाटलीसुद्धा वाचून पिते," असं नणंद सगळीकडे सांगत फिरते.

नणंदेला घरात चिऊ म्हणतात. नाव चिऊ, पण घोड्यावर बसली की माणसाच्या छातीएवढा अडथळा असा ओलांडते, की बघणाऱ्यालाच धाप लागावी. तिची घोडी म्हणजे बाईसाहेब. गडद तपकिरी रंग आणि मान अशी ताठ, की तबेला त्यांचा आणि आपण पाहुणे. पण वय लपत नव्हतं. सकाळी बाहेर काढताना मागचे पाय लाकडासारखे पडायचे. उडीतही मागचे खूर वेळेवर वर यायचे नाहीत, आणि अडथळ्याची वरची दांडी खडखडत खाली यायची.

तबेला बाबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. चिऊला शिकवणारेही तेच. एका संध्याकाळी त्यांनी जेवताना निकाल देऊन टाकला. "राज्याच्या घोडेस्वार संघाच्या निवड चाचणीपर्यंत बघू. तिथे दांडी पडली, तर बाईसाहेब पैदास केंद्रात. मी बोलून ठेवलंय."

चिऊचा घास हातातच राहिला. तिच्याकडे दुसरा घोडा नव्हता, आणि असता तरी तिला नको होता.

"पण पावडर देतोय ना आपण?" मी म्हटलं.

"वर्षभर देतोय. तीन कंपन्या झाल्या. घोडी आहे तिथेच. त्यापेक्षा ती मावशी बघा, काही न घेता उंडारतेय!"

मावशी ही बाईसाहेबांच्या सोबतीला ठेवलेली म्हातारी शेळी. आली तेव्हा चार पावलं टाकून बसायची. हल्ली गवताच्या गंजीवर चढून तिथून सगळ्यांवर लक्ष ठेवायची. आम्हाला वाटायचं, आमच्या तबेल्याची हवाच चांगली.

"मग चौथी पावडर सूनबाई निवडतील," बाबा म्हणाले. "शिकलेल्या आहेत."

हा टोमणा होता. मी तो खराखुरा हुकूम मानला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घोडीचे पाय वाकवून पाहिले, एक्स-रे काढले. "सांधे झिजायला लागलेत, पण गेलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "वजन उतरवा, रोज मऊ जमिनीवर चालवा. पावडरने चमत्कार होत नाही. द्यायचीच तर एकच द्या आणि खंड पडू देऊ नका."

बाबांच्या मनात हिरव्या झाकणाचा डबा होता. वर मोठ्या अक्षरांत 'संपूर्ण नैसर्गिक'. मी तो उलटा केला. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, एका मुळीचा अर्क. दुखणं दाबणारा, आणि म्हणूनच स्पर्धेत बंदी असलेला.

"मुळी आहे ती, सूनबाई. झाडाची."

"बाबा, धोतराही झाडच आहे."

चिऊ खोकल्याचं सोंग करत बाहेर पळाली.

मी निवडलेल्या डब्यावर प्रत्येक घटकाचं प्रमाण छापलेलं होतं आणि तो स्पर्धेसाठी तपासलेला होता. छातीठोकपणे मी तो तबेल्यात नेऊन ठेवला, आणि माझी झोप उडाली. आठवडे गेले. बाईसाहेब जराशा हलक्या झाल्या, पण सकाळचे पाय तसेच लाकडी. सरावात रोज एखादी तरी दांडी पडायचीच.

"चौथंही पीठच निघालं," बाबा म्हणाले. मोठ्याने नाही, पण मला ऐकू जाईल इतपत.

त्याच दिवशी दुपारी मी लेकीला औषध भरवत होते. गोळी कुटून कुस्करलेल्या केळ्यात घातली होती. वाटी चाटूनपुसून साफ. मी खूश होऊन तिचं तोंड पुसायला गेले, तर लाळेरं पांढऱ्या कणांनी भरलेलं. बयेने केळं तेवढं पोटात घातलं होतं आणि औषध जिभेने शिस्तीत बाहेर ढकललं होतं.

"लबाड!" मी म्हटलं आणि तिथेच थांबले. आपण हिच्या तोंडाकडे टक लावून बसतो, तरी ही फसवते. आणि बाईसाहेबांच्या तोंडाकडे बघतं कोण?

कोणीच नाही. आमच्याकडे तशी शिस्तच होती, बाबांच्या वडिलांपासूनची. चंदी, म्हणजे ओट आणि कोंड्याचं खाणं, गव्हाणीत पडली की सगळ्यांनी पाठ फिरवून निघायचं. घोड्याला जेवताना निवांत सोडायचं. नंतर येऊन बघावं तर गव्हाण लख्ख.

संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन मी शेजारच्या रिकाम्या खणात उभी राहिले आणि फळ्यांच्या फटीतून पाहू लागले. चंदी पडली, वर पावडर पडली, पावलं लांब गेली. बाईसाहेबांनी मान खाली घातली आणि नाकपुड्यांतून एक लांब फुंकर सोडली. फुर्रर्र. पावडरचा ढग उठला आणि गव्हाणीच्या काठावर, कोपऱ्यात जाऊन बसला. मग ओठांच्या टोकांनी एकेक दाणा वेचत त्यांनी राजेशाही थाटात जेवण उरकलं.

त्या बाजूला झाल्या, आणि मावशीने पुढचे दोन्ही पाय गव्हाणीवर ठेवून काठ, कोपरा, फट, सगळं चाटून साफ केलं. मग शेपटी हलवत गंजीवर उडी मारली.

मी इतकी हसले, की लेक घाबरून रडायला लागली. रडणं ऐकून बाबा आणि चिऊ धावत आले.

"इथे काय करताय? खाताना कोणी उभं राहत नाही!"

"म्हणूनच, बाबा! चारही कंपन्यांची पावडर मावशीने खाल्लीय!"

बाबांनी गंजीकडे पाहिलं. मावशी रवंथ करत होती, वयाच्या मानाने फारच तरुण.

"वर्षभर आपण शेळीचे गुडघे सांभाळले," चिऊ म्हणाली आणि पोट धरून खालीच बसली. बाबा हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चंदीच्या वेळी मावशीला स्वतः बाहेर नेऊन बांधलं. तिने केलेला आक्रोश पार रस्त्यापर्यंत गेला.

उपायही लेकीच्याच ताटातला. चंदी कोमट पाण्यात भिजवायची, पावडर आत कालवायची आणि वरून सफरचंद किसून घालायचं. ओल्या दाण्याला चिकटलेलं फुंकरीने उडत नाही. पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी फुर्र केलं, काहीच हललं नाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जवळजवळ माफीच मागितली. मग सफरचंदाचा वास नाकात गेला आणि मान खाली गेली. मी गव्हाण रिकामी होईपर्यंत हलले नाही. पुढेही रोज.

पाय एका दिवसात सुटले नाहीत. पण एका सकाळी चिऊने मला हाक मारली. "वहिनी, ये, नुसतं बघ." बाईसाहेब दारातून बाहेर पडल्या त्या अंग झटकत, दुडक्या चालीनेच. ते चालण्याने, वजनाने की पावडरने, हे डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "सगळं नेमाने झालं म्हणून," एवढंच म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी लेक माझ्या खांद्यावर आणि माझा जीव टांगणीला. सगळं मैदान चिऊकडे बघत होतं. मी फक्त मागचे खूर बघत होते. एकेक अडथळा मागे पडला. शेवटचा दुहेरी होता, दोन दांड्या आणि मधे रुंद पोकळी. बाईसाहेब उचलल्या गेल्या, आणि मागचे खूर, तेच लाकडी खूर, पोटाशी असे दुमडले गेले, की दांडी आणि त्यांच्यामध्ये मला आभाळ दिसलं. स्वच्छ, भरपूर आभाळ.

एकही दांडी पडली नव्हती. मी किंचाळले. लेकीनेही टाळ्या पिटल्या.

बाहेर येताच पंचांचा माणूस रक्ताचा नमुना घ्यायला आला. मी मनातल्या मनात डब्यामागची यादी पुन्हा वाचायला लागले. बाबा मात्र शांतपणे लगाम धरून उभे राहिले. "घ्या, हवं तेवढं घ्या. आमच्या सूनबाईंनी डबा उलटा करून वाचलाय."

अहवाल निर्दोष आला आणि चिऊचं नाव संघात लागलं. बाबांनी तबेल्यातूनच पैदास केंद्राला फोन लावला. "घोडी मिळणार नाही. कामात आहे."

मग त्यांनी खिशात फोन टाकला, भिजवलेली चंदी गव्हाणीत ओतली आणि पाठ न फिरवता तिथेच उभे राहिले. "जेवा, बाईसाहेब. मी बघतोय." आणि बाहेर बांधलेल्या मावशीने गळा काढला तेव्हा मला म्हणाले, "सूनबाई, एक चमचा तिलाही द्या. ती बिचारी इमानाने खात होती."