पंच क्रमांक दोन

"कोऱ्या कागदावर सही घेतली, येवढंच म्हणायचं, मावशी. दुसरं काय न्हाय."

ऋतुराजनं हे इतक्या सहज सांगितलं, की जणू दुधात साखर कमी टाक म्हणत होता. धोंडुबाई म्हशीच्या पोटाशी उकिडवी बसली होती. तिनं मान वर केली नाही. पेल्यात धार वाजत होती, फेस वर चढत होता.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकाच्या समोर पिळतात. सडापासून पेल्यापर्यंत आणि पेल्यापासून ओठापर्यंत गिऱ्हाइकाची नजर हलत नाही. कोल्हापूरचा माणूस देवावर विश्वास ठेवतो, पुढाऱ्यावरसुद्धा ठेवतो, पण दुधावर ठेवत नाही. ते त्याला डोळ्यादेखत लागतं. एकतीस वर्षं धोंडुबाई याच कोपऱ्यात, याच खांबाला म्हैस बांधून लोकांना डोळ्यादेखत दूध पाजत होती. ऋतुराजला तर तो शाळेत जायच्या आधीपासून.

आता तो युवा नेता होता. युवा नेता होण्यासाठी नेमकं काय करावं लागतं हे कुणालाच माहीत नाही, पण फलकावर फोटो आला की माणूस झालेला असतो. सात वर्षांपूर्वी तो रणझुंजार तरुण मंडळाचा अध्यक्ष होता, आणि त्या साली विसर्जन मिरवणुकीत लावलेल्या डॉल्बीचा खटला आता कुठे उभा राहिला होता. मंडळाच्या नऊ जणांवर. पहिलं नाव त्याचं.

"ऋत्या," धोंडुबाई म्हणाली, "सही मी वाचून केलती."

"आगं म्हाईत हाय की मला. पण कोर्टात तसं कोण म्हणत न्हाय. समदे कोऱ्या कागदावर म्हणत्यात. इस्त्रीवाले गणपतकाका बी म्हटले मागल्या तारखंला."

"म्हणजे मी अडाणी हाय, हे मीच सांगायचं."

"अडाणी कुठं म्हणालोय? ते कायद्यातलं बोलणं असतंय." त्यानं दूध संपवलं, मिशीवरचा फेस पुसला आणि खांबाकडं बघत म्हणाला, "बरं, कट्ट्यावर ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक बसवायला लागलोय. जागा अजून ठरायची हाय."

एवढं बोलून तो गेला. धमकी देणारा माणूस आवाज चढवतो हे जुन्या काळातलं. हल्ली तो लोकोपयोगी काम सुचवतो.

त्या मिरवणुकीची हकीगत अशी. संध्याकाळचे सहा. पापाच्या तिकटीच्या चौकाकडून मंडळं येत होती, रस्ता बंद झाला होता आणि धोंडुबाई गाभण म्हशीसकट कट्ट्यावर अडकून पडली होती. रणझुंजारचा ट्रॅक्टर पुढ्यात येऊन थांबला. वर भिंतीसारखे रचलेले स्पीकर. समोरच्या दुकानाचं शटर आपोआप थरथरायला लागलं. तेवढ्यात हवालदार जोतीराम आवाज मोजायचं हातभर यंत्र घेऊन आला. त्यानं ते उंच धरलं, आकडा बघितला आणि पंचनाम्यासाठी दोन पंच शोधायला निघाला.

रस्त्यावर हजारो माणसं होती, पण पंच व्हायला एकही मोकळा नव्हता. निम्मे धर्मकार्यात गुंतले होते, उरलेले कानात कापूस घालून दारं लावून बसले होते. शेवटी इस्त्रीवाला गणपतराव सापडला, कारण त्याचं दुकान उघडं होतं. आणि धोंडुबाई सापडली, कारण तिला जायला वाट नव्हती. अशा रीतीनं कायद्याला पंच क्रमांक एक आणि पंच क्रमांक दोन मिळाले.

गणपतरावानं कागद न वाचता सही केली. धोंडुबाईनं कागद मागितला. सही येण्यापुरतं शिकायला पूर्वी पेठेतल्या साक्षरता वर्गात बावीस बायका बसल्या होत्या. सही येताच एकवीस घरी गेल्या. पंचेचाळिशीतली धोंडुबाई तेवढी वाचायला येईपर्यंत बसून राहिली होती. तेव्हापासून दुकानाच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नपत्रिकेतली बारीक अक्षरातली मामा मंडळी, काहीही ती वाचल्याशिवाय सोडत नसे. तिनं पंचनामा बोट फिरवत वाचला.

"हवालदार, यंत्रावर एकशे अठरा हुतं. तुमी एकशे आठ लिवलंय."

जोतीरामला ऐकू गेलं नाही, हे सांगायला नको. तिनं बोटानं दाखवलं. त्यानं खोडलं, वर अठरा केलं, बाजूला आद्याक्षरं घातली. मग तिनं सही केली.

तिसऱ्या दिवशी तिची म्हैस गाभडली.

खटल्याची बातमी पेपरात आली आणि कट्ट्यावर रोज सकाळी न्यायालय भरू लागलं. इथं तारीख पडत नाही.

"आमच्याच सणाला बरा कायदा आठवतोय! बाकीच्यांच्या भोंग्यांचं काय?" एक जण पेला आपटून म्हणायचा.

"आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला लावतात त्याचं?" दुसरा.

"पण डेसिबलनं काय हुत न्हाय. मला व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. उलट त्या लहरींनी डेंगीचे डास मरत्यात."

"मग तुमच्या गल्लीत डेंगी का?"

"तिथं बेस कमी पडला."

कॉलेजात शिकवणारे एक सर होते. आकडा दहानं वाढला की आवाजाचा जोर दहापट होतो, असं त्यांनी एकदा समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी विचारलं, सर, तुम्ही नेमके कुठल्या धर्माच्या बाजूचे? सर तेव्हापासून दूध पिऊन गप्प घरी जातात.

धोंडुबाईचं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं एकदा दिलं. "दुसऱ्याचं बी हाय म्हणतासा, तर दुसऱ्याचं बी बंद करा की. समद्यांच्या कानाला दोनच भोकं हायत. तुमाला बंद करायला कायदा आठवतोय का चालू ठेवायला?"

मग एकानं सांगितलं, की म्हशीवाल्या बाईला धर्मातलं काय कळतंय.

तारखेच्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील संयोगिताताई तिला पहिल्यांदाच भेटल्या. त्यांच्या हातात एकोणीस खटल्यांचे कागद होते आणि धोंडुबाईसाठी पाच मिनिटं.

"आजी, गणपतराव फुटले. आता तुम्हीच आहात. ती म्हैस गाभडली होती ना, ते जरूर सांगा. डॉल्बीमुळं गाभडली म्हणा. साहेबांवर परिणाम होतो."

"ते कसं सांगू?"

"म्हणजे?"

"घरला नेताना चढावर ती घसरली बी हुती. डॉल्बीनं गाभडली का घसरून, का तिच्या नशिबानं, मला काय ठाव? मी काय तिच्या पोटात गेलते?"

संयोगिताताईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. साक्षीदाराला खरं बोलायला शिकवावं लागतं, याची त्यांना सवय होती. या बाईला थोडं कमी खरं बोलायला शिकवायचं कसं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

म्हणजे एका बाजूला ऋतुराज म्हणत होता, जे वाचलंस ते वाचलं नाही म्हण. दुसऱ्या बाजूला सरकार म्हणत होतं, जे बघितलं नाहीस ते बघितलं म्हण. आणि दोघांच्या मध्ये सत्यमेव जयतेची पाटी होती. तीही धोंडुबाईनं आत जाताना वाचली.

आरोपींचे वकील विजयसिंह उभे राहिले. गोड माणूस. समोरच्याला खड्ड्यात ढकलण्याआधी ते नेहमी त्याची विचारपूस करत.

"आजी, बसायला हवं का? नको? बरं. डेसिबल म्हणजे काय हो?"

"न्हाय म्हाईत."

"एकशे अठरा म्हणजे किती मोठा आवाज?"

"ते बी न्हाय म्हाईत. यंत्रावर एकशे अठरा हुतं, येवढं म्हाईत हाय."

"यंत्र कसं चालतं ते माहीत नाही, आणि आकडा मात्र बरोबर म्हणता?"

"आकडा बरोबर म्हणत न्हाय, सायब. आकडा बघितला म्हणते. ताप किती हाय ते काचेच्या नळीवर बघायला डाक्टर व्हावं लागतंय काय?"

मागं कुणीतरी हसलं. जज साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, हसणं थांबलं.

"तुमची म्हैस गाभडली. त्याचा राग म्हणून तुम्ही या मुलांविरुद्ध बोलताय."

"राग हाय. ह्या पोरांनी माझं दूध पिऊन अंग धरलंय, मग राग येणार न्हाय तर काय. पर म्हशीचं मी बोललेच न्हाय. तुमीच बोलालासा."

विजयसिंह हसले. मग त्यांनी खरा डाव टाकला. "आजी, मी सांगतो काय झालं. हवालदारानं कोऱ्या कागदावर तुमची सही घेतली. मजकूर नंतर लिहिला. तुम्हाला वाचता येत नाही. खरं ना?"

धोंडुबाईनं आरोपीच्या जागेकडं पाहिलं. ऋतुराज तिच्याकडंच बघत होता, आणि त्या वेळी तो फलकावरच्या फोटोसारखा अजिबात दिसत नव्हता. एक हो म्हटलं असतं, तर कोपरा राहिला असता, खांब राहिला असता. कुणी नावही ठेवलं नसतं.

"कागद द्या इकडं," ती म्हणाली.

कागद दिला. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, शाळेतल्या मुलीसारखं, शब्द तोडून. 'मौजे' पासून 'समक्ष' पर्यंत. खाडाखोडीपाशी थांबून म्हणाली, "हितं आठ हुतं. मीच खोडायला लावलंय. कोऱ्या कागदावर सही केली असती, तर खोडायला काय हुतं?"

विजयसिंह खाली बसले. बसताना त्यांनी 'खाडाखोड' एवढाच शब्द आपल्या वहीत लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. गोड माणसाचं काहीच वाया जात नाही.

जबानी टाइप होऊन सहीसाठी पुढं आली. शिपायानं बोट दाखवलं, इथं. धोंडुबाईनं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दोन वाजायला आले होते. जेवणाची सुट्टी, बाहेर थांबलेली माणसं, सगळं तिच्या बोटाच्या वेगानं चाललं होतं.

"सायब, हितं चुकलंय."

"काय?" जज साहेब.

"'वाचून दाखवले, बरोबर आहे' लिवलंय. मला कुणी वाचून दाखवलं न्हाय. मी वाचलं."

टंकलेखक म्हणाला, तो ठरलेला मजकूर असतो, सगळ्यांना तोच असतो. जज साहेबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बदला." बदललं. मग तिनं सही केली, सावकाश, वेलांटी कुठं सुटणार नाही अशी.

निकाल दोन महिन्यांनी लागला. सगळे निर्दोष. जोतीराम हवालदार आता निवृत्त होऊन आजऱ्याला काजूचं बघत होता. निकालाला मुद्दाम आला होता. त्यानंच जिन्यात तिला समजावलं.

"आक्का, दर साली ते यंत्र तपासून त्येचा दाखला घ्यावा लागतोय. तो दाखला मिरवणुकीच्या आधी नऊ दिवस संपलाता. नवा मागितलाता, आला न्हवता. त्यात आपली ती खाडाखोड. संशयाचा फायदा दिला."

"म्हणजे यंत्र चुकीचं हुतं?"

"तसं न्हाय. बरोबरच असंल."

"मग?"

"बरोबर हाय हे सांगणारा कागद न्हवता."

"आणि मी?"

जोतीरामनं निकालाची प्रत उघडली. तिच्याबद्दल एक वाक्य होतं. 'पंच क्रमांक दोन यांनी पंचनाम्यास पूर्णतः पुष्टी दिलेली आहे, तथापि.' तथापिच्या पुढं चार पानं होती. तिनं ती चारही वाचली. जिन्यातच, उभ्यानं. मग प्रत घडी करून परत दिली.

"त्या दिवशी ह्या लोकांचे कान तर चालू हुते न्हवं?" ती म्हणाली. "का त्येंचा बी दाखला संपलाता?"

जोतीरामनं प्रत पिशवीत घातली. आयुष्यभर खाकीत काढलेल्या माणसाला जिन्यात गप्प उभं राहणं चांगलं जमतं.

त्याच आठवड्यात बाकाचं लोकार्पण झालं. लोकार्पणाला डॉल्बी होती. या वेळी कुणी मोजली नाही, त्यामुळं ती कायद्याच्या मर्यादेत होती. ऋतुराजनं भाषणात सांगितलं, की समाजाच्या कामात कुणाबद्दल मनात काही ठेवायचं नसतं. खांब उपटला होता, खड्डा सिमेंटनं बुजवला होता आणि त्यावर हिरवा बाक, पाठीवर त्याचं नाव.

धोंडुबाईनं म्हैस पलीकडं, गटाराच्या कडेला, विजेच्या डांबाला बांधली. पहिल्या दिवशी म्हैस पान्हवली नाही. जनावराला जागा कळते. दुसऱ्या दिवशीही नाही. सून म्हणाली, आत्याबाई, पिशवीचं दूध आणून तापवून ठिवूया, कोण बघतंय? धोंडुबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, की ती बिचारी उठून भांडी घासायला गेली.

तिसऱ्या दिवशी पहाट फुटताना चार गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. धोंडुबाई बसली, तेलाचं बोट लावलं, कास चोळली, तोंडानं हूं हूं करत राहिली. थेंब नाही. एक गिऱ्हाईक पलीकडच्या म्हशीकडं सरकलं. मग दुसरं. मग दोघं एकदम.

पाचवा माणूस आला तो गणपतराव. पंच क्रमांक एक. कोर्टातल्या त्या तारखेनंतर त्यानं कट्टा टाळला होता. तो येऊन उभा राहिला, घसा खाकरला.

"पेला दे, आक्का."

"दूध यायचं न्हाय आज."

"न्हाय येऊ दे. दे."

तिनं रिकामा पेला त्याच्या हातात दिला. तो घेऊन तो उभा राहिला. पलीकडं दुसऱ्यांच्या म्हशी भराभर पिळल्या जात होत्या, पेले भरत होते, आवाज येत होते. समोर हिरव्या बाकावर रात्रीचं दव होतं आणि कुणी बसलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं गणपतराव हळूच म्हणाला, "त्या दिवशी सही करताना मी बी यंत्र बघितलंतं, आक्का. एकशे अठराच हुतं."

धोंडुबाईनं हात थांबवला नाही. म्हशीनं शेपूट झाडली, मान वळवून बाकाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"जरा बाजूला सरका," धोंडुबाई म्हणाली. "उजेड अडतोय."

तो सरकला. ती कास चोळत राहिली.