पहाटेचा दुसरा गिअर

माझ्यावर कुणी खोटा आळ घेतला की मला जेवण जात नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं, असं कुणी विचारायला नको.

आळ असा होता, की दानेश्वरीला, म्हणजे मला, क्लच दाबता येत नाही.

मी रोज पहाटे सव्वापाचला सोलापुरातल्या आमच्या गल्लीतून गाडी काढते. होटगीच्या पुढं चार किलोमीटरवर माझं माहेर. तिथं आम्ही बायकांनी दूध संकलन केंद्र काढलंय. केंद्राची किल्ली माझ्याकडं, फॅट तपासायचं यंत्र माझ्या हाताखाली, आणि सहाच्या ठोक्याला तीस-चाळीस बायका किटल्या घेऊन ओळीत उभ्या. त्या वेळेला तिकडं जाणारी एकही एसटी नाही. म्हणजे गाडी आहे तोवर माझं केंद्र आहे, असा सरळ हिशोब. सत्तावीस वर्षं मी या घरात भाकरी थापल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण केंद्रावर गेलं की बायका ‘मॅडम आल्या’ म्हणतात, ते मला आवडतं. लई आवडतं.

गाडी अकरा वर्षांची, पांढरी, दारावर एका बाजूला म्हशीनं शिंग लावलेलं. डिसेंबर लागला आणि दुसरा गिअर टाकताना खर्रर्र असा आवाज यायला लागला. पहिला पडायचा, गाडी गल्लीत चार पावलं जायची, आणि दुसऱ्याला खर्रर्र. सगळी गल्ली जागी. समोरच्या सुंदरम्मानं तर मला सांगितलंच, ‘मी आता मोबाईलला अलार्म लावत नाही, तुझा गिअर वाजला की उठते.’

आणि गिअर वाजला रे वाजला की आमच्या खिडकीतून आवाज, ‘अगं, क्लच पूर्ण दाब!’

हे आमचे विरुपाक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, वळसंगजवळ आमचं रान आहे ते बघतात. सकाळी आठच्या आत पांघरुणाबाहेर येत नाहीत, पण तेवढं एक वाक्य बोलायला मात्र रोज जागे. माणूस वाईट नाही. फक्त सगळ्या जगाला गाडी शिकवायचा मक्ता आपल्याकडंच आहे असं त्यांना वाटतं. मला शिकवायला लागले तेव्हा तिसऱ्या दिवशी मी रस्त्यातच उतरून रिक्षानं घरी आले आणि दुसऱ्या दिवशी क्लास लावला. तो राग त्यांच्या पोटात अजून असावा.

‘माझ्या हाताला का वाजत नाही मग?’ ते विचारायचे. आणि खरंच त्यांच्या हाताला वाजत नव्हता. दुपारी जेवून रानाकडं निघाले की गाडी गुमान जायची. मी शेजारी बसून कान लावून ऐकायची. दुसरा, तिसरा, चौथा, कुठंच काही नाही. वर माझ्याकडं बघून नुसतं हसायचे. त्या हसण्यापेक्षा शिवी बरी.

मग मी गाडी बंदेनवाजभाईंच्या गॅरेजला नेली. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस, आमच्या घरच्यासारखा. केंद्रावरून परत येऊन, स्वयंपाक उरकून जायला अकरा वाजले. ते एक चक्कर मारून आले आणि किल्ली हातात ठेवली.

‘भाभी, गाडी लोण्यासारखी चाललीय की. काय बी नाही.’

‘अहो, दुसरा गिअर वाजतो.’

‘मला तर नाही वाजला.’

आठ दिवसांनी परत गेले. परत लोणी. त्यांनी मग लई आदबीनं, नजर दुसरीकडं ठेवून विचारलं, ‘भाभी, क्लच पूर्ण दाबता ना?’

घरी येईपर्यंत माझी कानशिलं तापली होती. पण खरं सांगू का, त्या दिवसापासून मलाच शंका यायला लागली. दोन पुरुष म्हणतात, तर असेलही आपलंच चुकत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी क्लच असा दाबला की गुडघ्यातून कळ गेली. मनात तीन आकडे मोजले आणि मग गिअर टाकला. खर्रर्र. खिडकीतून आवाज आला, ‘पूर्ण दाब!’ होटगी रोडला लागेपर्यंत मला रडू आलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, स्टिअरिंग धरून, एकटी रडत होते.

त्या आठवड्यात यांनी जेवताना जाहीर केलं. ‘गाडी विकून टाकू. तू अशीच चालवलीस तर गिअरबॉक्स फुटेल, मग भंगारात पण कुणी घेणार नाही. मोहोळचे बाळासो म्हणून आहेत, रविवारी दहाला बघायला येतायत.’

‘आणि माझं केंद्र?’

‘दुसरं कुणी उघडेल की. तुझ्या गावात बायका कमी आहेत का?’

मी ताटावरून उठले. आळ आला की जेवण जात नाही म्हटलं ना, ते असं.

शुक्रवार उजाडला. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा भरायला आठ दिवस राहिले होते आणि थंडी अशी की केंद्रावरच्या बायका पदर कानावरून गुंडाळून उभ्या होत्या. गुरम्माचं दूध मापात घेतलं, नमुना यंत्राला लावला. फॅट एकदम खाली. रोज सात लागणाऱ्या म्हशीला पाच.

‘गुरम्मा, पाणी?’ मी जरा जोरातच विचारलं. सकाळपासून डोकं फिरलेलंच होतं.

गुरम्मा पासष्टीची बाई. ती काही चिडली नाही. ‘मॅडम, माझ्या म्हशीला उगं बदनाम करू नगा. दूध गार हाय. साय बाटलीला चिकटलीया बगा की. जरा कोमट करा, मग बोला.’

तसा नियमच आहे. गार नमुना तपासायचा नाही, कोमट पाण्यात धरायचा, हलवायचा, मग लावायचा. दुसऱ्यांना शिकवणारी मीच, आणि रागाच्या भरात मीच विसरले. नमुना कोमट केला. सात पॉइंट एक.

‘चुकलं माझं, गुरम्मा.’

‘असू द्या की. थंडीनं हुतंय तसं.’

गुरम्मा रिकामी किटली घेऊन गेली आणि मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. गार असताना एक, कोमट झाल्यावर दुसरं. मी गाडी कधी चालवते? पहाटे, रात्रभर थंडीत उभी राहिल्यावर. हे कधी चालवतात? दुपारी दोनला. बंदेनवाजभाईंनी कधी बघितली? अकराच्या उन्हात, मी तिथवर चालवत नेऊन चांगली तापवल्यावर. माझ्याशिवाय त्या गाडीला गार असताना कुणी हातच लावला नव्हता.

परत येताना मी घरी गेलेच नाही, थेट गॅरेजला. ‘भाई, तो गिअर फक्त पहाटे वाजतो.’

बंदेनवाजभाई तेलकट हातानं पाना पुसत होते, ते थांबले. ‘फक्त पहाटे? मग हे आधी का नाही सांगितलं, भाभी?’

मी गाडी चालवतेच पहाटे. मला ते वेगळं सांगायचं असतं हे सुचलंच नव्हतं. तेवढी चूक माझी, आणि ती मी मान्य करते.

‘उद्या पहाटे फजरची नमाज झाली की येतो,’ ते म्हणाले. ‘गाडीला हात लावू नका. चावीसुद्धा फिरवू नका. गारच पाहिजे.’

शनिवारी सकाळी ते स्कूटरवरून आले. डोक्याला टोपी, त्यावर मफलर, पायाशी एक ऑइलचा डबा. केंद्रावर मी फोन करून ठेवला होता की आज जरा उशीर होईल. हे सुद्धा उठून आले, शाल पांघरून, चहाचा कप हातात घेऊन. तमाशा बघायला आले होते, दुसरं काय.

बंदेनवाजभाई बसले. गाडी सुरू केली, पहिला टाकला, चार पावलं गेली. मी दोन्ही हात छातीशी धरून उभी. दुसरा.

खर्रर्र.

आयुष्यात इतका गोड आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. त्यांनी गाडी मागं घेतली, परत टाकला, परत खर्रर्र. खाली उतरून म्हणाले, ‘भाभी, माफ करा. तुमचं खरं होतं.’

‘थांबा, थांबा,’ हे म्हणाले. कप कट्ट्यावर ठेवला. ‘तुम्ही घाई करताय. मी दाखवतो.’ शाल सावरत आत बसले, आरसा नीट केला, सीट पुढं घेतली, सगळं अगदी परीक्षेला बसल्यासारखं. गाडी निघाली. खर्रर्र. परत टाकला. आधीपेक्षा मोठ्यानं खर्रर्र.

माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं, शप्पथ. महिनाभर साठवलेलं. पण मी बोलायच्या आत समोरची खिडकी उघडली आणि सुंदरम्मानं झोपेतून उठून डोळे चोळत हाक दिली, ‘अहो, क्लच पूर्ण दाबा की!’

बंदेनवाजभाई खोकल्याचं निमित्त करून गाडीखाली शिरले. हे गाडीतच बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

गाडीखाली गोणपाट अंथरलं होतं. बंदेनवाजभाईंनी गिअरबॉक्सखालचा बोल्ट सोडला आणि त्याखाली आमचं जुनं घमेलं सरकवलं. वाटलं, धार लागेल. कसली धार! काकवी पडते तसं ते ऑइल सावकाश, लोंबत लोंबत खाली आलं. त्यांनी बोटावर घेतलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला.

‘हे गाडीचं ऑइल नाही. हे ट्रॅक्टरचं आहे. एवढ्या जाड ऑइलात थंडीत गिअर कसा पडणार? तापल्यावर पातळ होतं, मग पडतो. माझ्या गॅरेजात हे भरलेलं नाही, भाभी. कुणी भरलं?’

मी कशाला भरू. मी यांच्याकडं बघितलं.

हे गाडीतून उतरले. शाल एका खांद्यावरून लोंबत होती. घमेल्याकडं बघत हळू आवाजात म्हणाले, ‘मी भरलं. एप्रिलमध्ये, रानात. ट्रॅक्टरचं उरलं होतं.’

‘का?’ मी विचारलं.

‘ऊन बघितलंस का त्या महिन्यातलं? गाडीखालचा रस्ता पण वितळत होता. म्हटलं, पातळ ऑइल या उन्हात टिकायचं नाही. तुझी गाडी रस्त्यात बंद पडायला नको, त्या आडरानात, एकटी असतेस. म्हणून जाड घातलं.’

बंदेनवाजभाई गाडीखालूनच म्हणाले, ‘साहेब, सोलापूरचा माणूस सगळं उन्हाच्या बेतानं करतो. थंडी येते हे कुणाच्या लक्षातच राहत नाही.’

मला राग यायला पाहिजे होता. आलाही. पण ‘एकटी असतेस’ हे मध्येच आलं आणि रागाचा सगळा बेत फिसकटला. मी आत जाऊन तिघांना चहा टाकला. नवीन ऑइल भरून झालं, गाडी निघाली, आणि दुसरा गिअर असा पडला की मला कळलंसुद्धा नाही.

शनिवारचा अख्खा दिवस गेला. बाळासोंचं नाव नाही, रविवारचा विषय नाही. मीही विचारलं नाही. ज्यानं गाडी विकायला काढली त्यानं सांगावं, मी का विचारू? पण रात्री कूस बदलत होते. ऑइल कळलं, आवाज गेला, तरी शब्द दिलाय म्हणून विकतील काय, याची भीती होतीच. हट्टापायी विचारत नव्हते एवढंच.

रविवारी पहाटे गाडी काढली. आवाज नाही. खिडकीतूनही आवाज नाही. केंद्र उरकून नऊला यायची ती साडेनऊला आले, तर दारात एक अनोळखी मोटारसायकल. आत बाळासो दहाच्या आधीच येऊन बसलेले, पांढरी टोपी, समोर शेंगाचटणी आणि कडक भाकरी. माझ्या हातातली गाडीची किल्ली मी मुठीत घट्ट धरली. द्यायची नाही, मनात म्हटलं, हिसकावून घेतली तर बघू.

‘या, वैनी,’ बाळासो म्हणाले. ‘गाडी बगितली खिडकीतनं. बरी वाटतीया. रोज चालिवतं कोण?’

‘ही चालवते,’ हे म्हणाले. ‘पहाटे, रोज होटगीच्या पुढं. मी दुपारी कधीतरी.’

‘मग गिअरचं काय म्हनत हुता तुमी फोनवर? बाईमानसाच्या हातची हाय म्हनून क्लच गेलाय म्हनला.’

हे खुर्चीत सरळ बसले. घसा साफ केला. ‘ते मी चुकीचं सांगितलं होतं. ऑइल मीच चुकीचं भरलं होतं, आणि महिनाभर हिला बोलत होतो. हिचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे. गाडी विकायची नाही, बाळासो. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा. कालच फोन करणार होतो. पण म्हटलं, तुम्हाला सांगितलं ते हिच्यामागं सांगितलं होतं, आता हिच्यासमोर सांगावं.’

बाळासोंनी एकदा यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि भाकरीचा तुकडा मोडला. ‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘चटनी झ्याक हाय.’

सत्तावीस वर्षांत या माणसानं मला चांगलं म्हटलं असेल, तर माझ्या पाठीमागंच. समोर पहिल्यांदा, ते पण परक्यासमोर. मी नुसतं म्हटलं, ‘अजून भाकरी आणते,’ आणि आत येऊन पाटावर बसले. मग कळलं, किल्ली अजून मुठीतच होती आणि तळहातावर तिचे दात उमटले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बाहेर पडताना पांघरुणातून आवाज आला. मी दारातच थांबले.

‘दार ओढून घे,’ हे म्हणाले. ‘आणि सावकाश ये.’

सुंदरम्मा मात्र त्या दिवशी आठपर्यंत झोपली आणि तिच्या नातीची शाळेची रिक्षा चुकली. आता तिनं परत अलार्म लावलाय.